तुलनेला निदान दोन देश हवेत

१२ जून १९८९
पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालं. विषय: पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या आर्थिक प्रगतीचा तौलनिक अभ्यास. समाजवाद शेवटी सरस कसा ठरतो, ते आकड्यांनिशी दाखवून देणार. गाइड खांबेटे सर, आमच्याच कॉलेजातले अर्थशास्त्राचे विभागप्रमुख. ते पाच वर्षांनी रिटायर होतील. तोपर्यंत मी डॉक्टर झालेला असणार, म्हणजे खुर्ची माझीच. थिसिसला दोन वर्षं पुष्कळ झाली. उद्यापासून पहाटे उठणे.
पद्मजाला बँकेत ऑफिसरचं प्रमोशन आलं होतं. घेतलं की बदली, बहुधा जालन्याला. तिने नाकारलं. म्हणाली, तुमचं एकदा होऊ दे, मग माझं बघू. मी आग्रह केला नाही. संशोधकाला घरात शांतता लागते. चहाही लागतो.

१३ जून, सकाळी साडेआठ
उशीर झाला. उद्यापासून नक्की.

११ नोव्हेंबर १९८९
बर्लिनची भिंत उघडली. पेपरात फोटो, लोक वर चढून नाचताहेत. खांबेटे सरांनी स्टाफरूममध्ये विचारलं, अहो गद्रे, आता तुमचं कसं? मी म्हटलं, भिंतीने काय होतंय? आमच्या सोसायटीची मागची भिंत पावसात पडली, सोसायटी आहे की उभी. सरांनी पेपर घडी घालून ठेवला. पटलं असावं.

४ ऑक्टोबर १९९०
काल जर्मनी एक झाली. तुलनेला निदान दोन देश हवेत, हे त्या लोकांना कोण सांगणार? एक मात्र बरं, मी अजून लिहायला घेतलं नव्हतं. घाई केली असती तर सगळं फुकट गेलं असतं. सरांना म्हटलं, उत्तर आणि दक्षिण येमेन घेऊ का? म्हणाले, ते मे महिन्यातच एक झाले, आपण पेपर वाचता ना?
शेवटी सोव्हिएत रशिया आणि फिनलंड ठरलं. विषयबदलाचा अर्ज दिला. रशिया केवढा अवाढव्य! तो काही रातोरात जायचा नाही.
पद्मजाला पुन्हा प्रमोशन आलं. पुन्हा नाकारलं. या वेळी म्हणाली, हे शेवटचं हं. बायका असं म्हणतातच.

२५ जुलै १९९१
कालच्या बजेटने मन उडालं. चाळीस वर्षांचं नियोजन, लायसन्स, परमिट, सगळं एका दुपारी मोडीत. आज टी.वाय.ला पंचवार्षिक योजना शिकवत होतो. भाग्यश्री नावाची पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, सर, हे अजून सिलॅबसमध्ये आहे? मी सांगितलं, ही लाट दिवाळीपर्यंत ओसरेल. वर्गात कुणीतरी हसलं.
अशा मनःस्थितीत थिसिस होत नाही.

२७ डिसेंबर १९९१
रशिया गेला. एकाचे पंधरा झाले आणि माझ्याकडे त्यातला एकही नाही. पद्मजा पोळ्या लाटत म्हणाली, आता चीन तेवढा घेऊ नका हो, फार माणसं राहतात तिथे.
हसण्यासारखं यात काय आहे?
आमच्याकडची ज्युनिअर लेक्चरर हेमा कात्रजच्या दूध डेअरीवर पीएचडी करते आहे. इथे जग हादरतंय आणि ही बाई पहाटेच्या बसने जाऊन दूधवाल्यांना प्रश्न विचारते. कीव आली.

१६ मार्च १९९२
नवा विषय चेकोस्लोव्हाकिया आणि ऑस्ट्रिया. युक्ती अशी, की फक्त १९८९पर्यंतचा काळ घ्यायचा. पुढे कुणी काही गोंधळ घालो, इतिहास बदलत नाही. सर चष्मा पुसत म्हणाले, अहो, मग जर्मनीचाही इतिहास चालला असता की! सरांचं वय झालं आहे.
लायब्ररीतलं माझं खिडकीजवळचं टेबल कॉम्प्युटर लॅबसाठी गेलं. त्या कोर्सच्या अ‍ॅडमिशनला गेटबाहेर रांग. आमच्या स्पेशल इकॉनॉमिक्सला यंदा जेमतेम बाराजण. टेबल नसताना लिहायचं कुठे? पद्मजा म्हणाली, घरात आहे की एक. त्यावर तिचीच बँकेची कॉम्प्युटरची पुस्तकं पडलेली असतात.

२ जानेवारी १९९३
चेकोस्लोव्हाकियाचे काल दोन देश झाले. आधी आनंद वाटला, तुलनेला एक जास्त मिळाला. मग दमल्यासारखं झालं.
खांबेटे सरांनी हात जोडले. म्हणाले, कोरिया घ्या, तिथे चाळीस वर्षांत कुणी हललेलं नाही, आणि कृपा करून आता लिहा.
कोरिया पक्का. सहा महिन्यांत थिसिस सबमिट.

१४ जुलै १९९३
मुखपृष्ठ तयार. अक्षर सुरेख आलं आहे. पहिलं प्रकरण पेपर तपासून झाल्यावर.
सकाळी उठून आधी विदेशचं पान बघतो. दोन्ही कोरिया आहेत. बघून थोडं अस्वस्थ होतं. का, ते कळत नाही.

१८ फेब्रुवारी १९९४
हेमाला पीएचडी मिळाली. स्टाफरूममध्ये पेढे. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, जूनपासून विभाग त्या बघतील, तुम्ही समजून घ्या. मी म्हटलं, अर्थात. पेढा हातातच राहिला.
घरी पद्मजाला सांगितलं. वाटलं, आता एखादा टोमणा येणार. ती म्हणाली, जेवून घ्या.

९ मे १९९४
पद्मजाने प्रमोशन घेतलं. जालना. ऑर्डर आल्यावर मला कळलं. मी चिडून म्हटलं, मला विचारलंही नाहीस? म्हणाली, विचारलं होतं, तुम्ही तेव्हा चेकोस्लोव्हाकियात होता.
आठवून पाहिलं. काहीच आठवलं नाही.

१२ जून १९९४
तिला शिवाजीनगरहून सकाळच्या एसटीत बसवून आलो. बॅग वर ठेवली. जाऊ नकोस म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, थिसिस आता होईलच. हो, म्हणाली. गाडी हलली.
घरात हवी तेवढी शांतता.

१५ जून
पेपरात आहे, कोरियात लढाई पेटण्याची चिन्हं. वाचून क्षणभर हायसं वाटलं. मग मेलेल्याहून मेल्यासारखं झालं.

२१ जून १९९४
लढाई टळली म्हणे. दोन्ही कोरिया जागेवर आहेत. टेबलावर आता कुणाची पुस्तकं नाहीत. कोऱ्या कागदांचे ताव आणून ठेवले आहेत. दुपारपर्यंत बसलो. काय लिहायचं तेच माहीत नाही. बहुतेक कधीच नव्हतं.
संध्याकाळी शेजारच्यांकडे पद्मजाचा फोन आला. विचारलं, जेवता ना वेळेवर? गॅस बंद करता ना? दूधवाल्याला सांगितलंत का अर्धाच लिटर म्हणून?
मी रिसीव्हर धरून वाट बघत होतो. थिसिसचं तिने विचारलं नाही.