शिट्टीला उत्तर

४ नोव्हेंबर
आज शांतिसेनेत दुभाषी म्हणून रुजू झाले! कंपालात शिकले त्याचं चीज झालं. निळी टोपी घालून आमच्या निर्वासितांच्या छावणीत शिरले, तर माझी थोरली बहीण अयेनताई म्हणाली, पहिलं अंडं दिलेल्या कोंबडीसारखी काय मिरवतेस. बाया लाकडं आणायला कुंपणाबाहेर जातात, तिथे बंदूकवाले गवतात दबा धरून असतात. माझा प्लॅन : प्रत्येकीला शिट्टी. वाजवली की गाड्या धावणार. शांतिसेनेच्या मेजरसाहेबांना एकदम पटला.

८ नोव्हेंबर
शिट्ट्या वाटल्या. न्यानदेंगमावशीने विचारलं, साहेब जेवत असले तर? सगळ्या खो खो हसल्या. ताईने शिट्टीवर बाबांची बैल बोलवायची शीळ वाजवली : एक लांब, दोन आखूड, मग तोंडाने बैलाचं नाव, "माजोक!" बैल गेला, बाबाही गेले. हाक ताईकडे राहिली. बाया तंबूंमागच्या तारेतल्या भोकातून बाहेर जातात. साहेबांना सांगायचं नाही असं बजावलंय.

१३ नोव्हेंबर
शिट्टी वाजली, गाडी धावली. तिथे बाया नव्हत्याच. एकीची हिसकावलेली शिट्टी, आणि बंदुका. ड्रायव्हर गेला. नवा हुकूम : राजधानीतल्या मुख्यालयाच्या परवानगीशिवाय फाटक उघडायचं नाही.

१७ नोव्हेंबर
रोज दुपारी गवतातून शिट्ट्या वाजतात. बंदूकवाले मजा करतात. शिपाई पत्ते खेळतात, मानही वर करत नाहीत. मावशीने तिची शिट्टी माझ्या हातात ठेवली, म्हणाली, तूच वाजव. ताईला लाकडांना जाऊ नको म्हटलं, तर म्हणे, चुलीत काय तुझी टोपी घालू?

१८ नोव्हेंबर
ताई आली नाही.
ऊन उतरताना — एक लांब, दोन आखूड. "माजोक!" तिचाच आवाज. साहेबांचे पाय धरले. माणूस वाईट नाही, डोळे भरले त्यांचे. राजधानीला कळवलं. उत्तर : विचार चालू आहे.

१९ नोव्हेंबर, सकाळ
परत तीच शीळ. भोकापाशी बसून मीही तशीच वाजवली. उत्तर आलं! जवळून. मी वाजवत राहिले, म्हणजे तिला वाट सापडेल —

दुपार
अगदी जवळ. पण नाव नाही. नुसती शिट्टी. ताई नाव घेतल्याशिवाय कधीच — मी थांबले. तीही थांबली.
मग तीच शीळ, चार-पाच शिट्ट्यांवर, एकदम.
मी पळाले. भोक तसंच उघडं —

संध्याकाळ
परवानगी आली. फाटक उघडलं. सगळ्या गाड्या बाहेर, गवताकडे. मी ओरडतेय, तिकडे नाही, तिकडे नाही. इंजिनांच्या आवाजात कोण ऐकतंय.
मावशीने माझा दंड धरलाय. तंबूंकडे बघतेय.
तिकडूनच, कुंपणाच्या आतून — एक लांब. दोन —