मिरॉनला दाखवलेलं गाव

विनिपेग,
४ जुलै १९६२

ती. युस्तिनाताईस,
धाकट्या स्टेफ्काचा शि. सा. न. वि. वि.

ओरिसिया सुखरूप पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. इथे मी सांगते आहे, की लेक मावशीकडे हवापालटाला गेली, टेकड्या बघेल, झऱ्यात डुंबेल. कुणी खोदून विचारत नाही. तिच्या गालावरचा वळ चर्चमध्ये सगळ्यांनीच पाहिला होता.

काल जावई मिरॉन आले होते. इस्त्रीचा कोट, हातात केक. बायको कुठे आहे, एवढंच गोड आवाजात पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मी व्हँकूव्हरचं नाव सांगितलं. हसले, आणि जाताना फाटक बिजागरीसकट उपटून अंगणात टाकून गेले.

आणि तू लिहितेस, की ती तुमच्या संग्रहालय झालेल्या जुन्या पोलीस चौकीत पाहुण्यांना माहिती सांगते! अगं, उन्हाळ्यात तिथे अर्धा प्रांत लोटतो. तिला घरात ठेव. गुडघ्यांना जप. माझ्यावर रागावू नकोस, माया असू दे.

तुझी,
स्टेफ्का

विनिपेग,
११ जुलै

ती. ताईस, शि. सा. न.

सकाळीच तार केली आहे. आमच्या गल्लीतलं एक कुटुंब तुमच्याकडे सहलीला येऊन गेलं. त्या भल्या माणसाने न्हाव्याच्या दुकानात ओरिसियाचं कौतुक केलं, आणि शेजारच्या खुर्चीत मिरॉन बसला होता. तो निघालाय. हे पत्र तुला मिळेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, तरी लिहिते आहे. हाताला दुसरं काम सुचत नाही.

स्टेफ्का

स्टोनी फोर्ड,
१३ जुलै

चि. स्टेफ्कास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी हे वाच: पोरगी धडधाकट आहे. आता बस आणि बाकीचं वाच.

तार मिळताच मी किराणावाल्या तारासला सगळं सांगून ठेवलं, आणि त्याने गावभर. दुसऱ्या दिवशी मिरॉनची निळी गाडी त्याच्याच दुकानापाशी थांबली. तारासने चष्मा पुसून फोटो पाहिला आणि म्हणाला, की हो तर, ही बाई वाळूच्या टेकड्या बघायला गेली. तिथे गाडी रुतली. तिथला शेतकरी गुनार ट्रॅक्टर घेऊन गेला, पण आधी त्याने दोर शोधला, मग दोराची गाठ सोडवली, मग वाऱ्याने टेकड्या कशा सरकतात ते सांगत बसला. तिथून स्वारी झऱ्यावर. झऱ्यावरच्या बायकांनी त्याला गवे अंग घासायचे त्या दगडाकडे पिटाळलं. तू हसशील. मला हसू येत नव्हतं. प्रत्येक ठिकाणाहून फोन यायचा, आणि दर वेळी तो जास्त खवळलेला असायचा.

तोवर मी ओरिसियाची पेटी भरली. पण पोरगी चौकीतून हलेना. म्हणाली, की मावशी, आज इथून पळाले, तर उद्या कुठून? मी रागावले, हात जोडले. तुझ्यासारखी भित्री असती तर बरं झालं असतं, असंही म्हणाले.

तो आलाच. ती पाहुण्यांना कैद्यांची कोठडी दाखवत होती. त्याने तिचं मनगट धरलं आणि घरी चल म्हणाला. ती पांढरीफटक पडली. मला वाटलं, आता निघाली. पण तिने पाहुण्यांकडे तोंड केलं आणि मोठ्याने सांगितलं, की हा माझा नवरा, ह्याने माझी बरगडी मोडली होती, आणि मी ह्याच्याबरोबर जाणार नाही. आवाज थरथरत होता, पण शब्दन्‌शब्द ऐकू आला.

मग पाहुण्यांमधली एक म्हातारी त्याला म्हणाली, की आधी हात सोड. दारात तारास होता, मागे गुनार, त्याच्यामागे झऱ्यावरच्या बायका ओल्या केसांनिशी. मिरॉनने एकेकाचा चेहरा पाहिला. ह्यातल्या प्रत्येकाने त्याला चुकीची वाट दाखवली होती. हात सुटला. गुनार हमरस्त्यापर्यंत त्याच्या गाडीमागे गेला. पोलिसांत तक्रारही दिली आहे.

जेवत जा. आठवण असू दे.

ताई

स्टोनी फोर्ड,
१५ जुलै

ती. आईस,
ओरिसियाचा सा. न. वि. वि.

मावशीने मला फार शूर करून लिहिलं असेल. खरं सांगू? तो गेल्यावर मी कोठडीतच जमिनीवर बसले. उठताच येईना. पाहुणे बाहेर थांबले. बऱ्याच वेळाने त्या आजींनी आत डोकावून हळूच विचारलं, की बाई, पुढचं दाखवणार ना? मग उठले आणि दाखवलं.

भीती गेलेली नाही. निळी गाडी दिसली की मी दाराआड होते. तो परत येणार नाही, असं मी तुला सांगू शकत नाही. पण तू ये. मला तू हवी आहेस.

काल झोपताना दाराला नुसती कडी लावली, रोजच्यासारखं कपाट दाराशी सरकवलं नाही. जाग आली तेव्हा ऊन पार अंगावर आलं होतं, आणि मावशी म्हणे तीनदा हाका मारून गेली होती.

तुझी,
ओरिसिया