म्हाताऱ्या लोहाराच्या दुरुस्तीबाबत

चाकण, बुधवार

आदरणीय मामा,

तुमच्या भाचीचा, मैत्रीचा, सप्रेम जय भीम. तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते. गुडघ्याचं तुम्हाला विचारलं की तुम्ही 'ठीक' म्हणता, म्हणून मामींना विचारलं. त्या म्हणाल्या, गुडघा बरा आहे, माणूस बरा नाही. मी इकडे बरी आहे. कंपनीची बस तळेगाव चौकात अडकते तेवढ्या वेळात हे पत्र मनात जुळवलं (एका कोंडीत एक परिच्छेद होतो, त्यामुळे कुठे लांबलं असेल तर तो दोष ट्रॅफिकचा). फोन तुम्ही उचलत नाही आणि खेळातल्या दोस्तांच्या यादीतूनही मला काढलंत, तेव्हा कागदच उरला. तसंही कंपनीत तुमच्या टूलरूममध्ये (साचे-अवजारं बनवायच्या खात्यात) कोणी तोंडी तक्रार आणली की तुम्ही 'लेखी दे' म्हणायचात, आणि लेखी अशी की तिसऱ्या माणसाने वाचली तरी कळावी. म्हणून तुम्हाला माहीत आहे तेही पहिल्यापासून लिहिते.

तुम्ही रिटायर झालात आणि कंपनीतली शिस्त घरी घेऊन आलात. आधी स्वयंपाकघरातल्या डब्यांना नावाच्या पट्ट्या लागल्या, मग ओट्यावर पिवळ्या रंगाने गॅसची आणि मिक्सरची जागा आखली गेली, आणि मग एक दिवस मामींचा मला फोन आला. "तुझ्या मामांनी आज माझ्या खलबत्त्याला लाल चिठ्ठी लावली. म्हणतात, सहा महिने वापरली नाही ती वस्तू बाहेर काढायची. मी म्हटलं, मग तुम्हालाच लावते एक." त्यांचं म्हणणं एवढंच होतं की ह्यांना कशालातरी लाव. मी माझा जुना लॅपटॉप पिंपरीला आणून दिला आणि त्यात पत्त्यांचा खेळ टाकला. हे रमीचे पत्ते नव्हेत. ह्यात प्रत्येक पत्त्यावर एक योद्धा, एखादं हत्यार नाहीतर कारागीर असतो आणि ज्याने त्याने आपापला गठ्ठा जमवून लढायचं. खरे पत्ते बनवणारी कंपनी परदेशातली, तिची पाकिटं इथे मिळाली तर अशा भावात मिळतात की मामींनी आपल्या दोघांनाही लाल चिठ्ठी लावली असती. म्हणून जगभरच्या शौकीन लोकांनी मिळून स्वतःचा प्रोग्राम बनवला आहे. फुकट आहे, सगळे पत्ते सगळ्यांना मिळतात, घरबसल्या कोणाशीही खेळता येतं. कुठला पत्ता कसा वागतो हे त्या प्रोग्रामला एकेक करून शिकवावं लागतं, आणि ते काम रिकाम्या वेळात करणाऱ्यांपैकी मी एक. (कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांच्या कामात चुका काढते. संध्याकाळी स्वतः करते.)

पहिला आठवडा तुम्ही 'पोरखेळ' म्हणालात. नंतर इंग्रजी नावं तोंडात बसेनात म्हणून पत्त्यांचं बारसंच केलंत. बर्फाच्या सम्राटाचा 'फ्रीजवाला' झाला. एकदा मोठ्याने गरजून पुढच्या पाळीला झोपणाऱ्या ड्रॅगनला तुम्ही 'खंडू' म्हणायला लागलात (टूलरूममधल्या तुमच्या खंडूभाऊंना हे अजून माहीत नसेल तर हा परिच्छेद त्यांच्यासमोर वाचू नये). रोज संध्याकाळी मी शिफ्टवरून आले की आपला एक डाव व्हायचा. खाली लिहायच्या चौकटीत बाकीचे लोक एकमेकांना डिवचतात. तुम्ही माझा योद्धा कापायचात आणि लिहायचात, 'जेवलीस का'. मी खोलीवर कोणाशी फार बोलत नाही, आणि बोलायला हवं असंही मला वाटत नाही. पण एखाद्या संध्याकाळी ते 'जेवलीस का' आलं नाही की मी नेटचं कनेक्शन तपासायचे.

आता मुद्द्याचं. म्हातारा लोहार हा पत्ता एका पाळीत एकदाच एक मोडकं हत्यार दुरुस्त करतो. एकदाच, असं त्याच्यावर छापलेलं आहे. तुम्ही त्याला डावीकडून उचलून उजवीकडे ठेवून पाहिलंत आणि त्याने दुसरं हत्यारही दुरुस्त केलं. पुन्हा डावीकडे ठेवलंत, तिसरं केलं. तुम्हाला ह्यात वावगं काही दिसलं नाही. फोनवर तुम्ही मला म्हणालात, "माणूस एका जागी उभा राहून कंटाळतो गं. जागा बदलून दिली की हात चालतो. मी जन्मभर पोरांना असंच फिरवलंय." मला वाटलं तुम्ही टूलरूमच्या आठवणी सांगताय, म्हणून हो म्हटलं. माझ्याविरुद्ध तुम्ही लोहार कधी काढलाच नाहीत. घरच्या माणसावर ठेवणीतलं हत्यार काढू नये, असं तुमचं मत होतं (हे मला नंतर मामींकडून कळलं). शौकीन मंडळींच्या स्पर्धेत मात्र तुम्ही तो काढलात आणि ब्राझीलपासून पोलंडपर्यंत माणसं हरवत 'टूलरूम पिंपरी' ह्या नावाने थेट अंतिम फेरीत पोचलात.

तुमच्याकडून हरलेल्या पोलंडच्या एका माणसाने तक्रार केली की टूलरूम पिंपरीचा लोहार थकतच नाही. लोहाराला प्रोग्राममध्ये मीच शिकवलेलं, म्हणून तक्रार माझ्याकडे आली. 'काम एकदा झालं' ही नोंद मी लोहाराच्या नावावर न करता त्याच्या जागेच्या नावावर केली होती. जागा बदलली की नोंद पुसली जायची. चूक माझी होती आणि ती मी रीतसर सुधारली. कारण लिहिलं, उपाय लिहिला, पुरावा म्हणून तुमचा डाव तुमच्या नावासकट जोडला आणि शनिवारी अपडेट सगळीकडे पाठवून दिलं. तुमचा अंतिम सामना रविवारी होता. ते मला माहीत होतं. तुम्ही दोनदा सांगितलं होतंत, आणि दुसऱ्या वेळी हेही विचारलं होतंत की सामना बघायला घरी येणाऱ्या मंडळींना पोहे करावेत की उपमा.

मी असं का केलं, ते लिहिते. मी शाळेत असताना तुम्ही एकदा माझ्या हातात गेज दिलं होतंत, भोक बरोबर पडलंय का ते बघायचं. आत जातं किंवा जात नाही, जवळपास असं काही नसतं, असं तुम्ही म्हणाला होतात. आणि दोष दिसला की माल तिथेच थांबवायचा, गिऱ्हाईक कोणी का असेना. मी तेच केलं. तुम्हाला बरं वाटेल, अशीही माझी समजूत होती. त्यावर अधिक लिहीत नाही.

रविवारी मी ओव्हरटाइमला होते, त्यामुळे पुढचं ऐकीव आहे. टीव्हीला लॅपटॉप जोडला होता, शेजारून खुर्च्या आणल्या होत्या, खंडूभाऊंनी आधीच पेढे आणून ठेवले होते. तुम्ही लोहाराला उजवीकडे नेलं. त्याने हात हलवला नाही. परत डावीकडे आणलं, तरी नाही. मामी सांगत होत्या, आपण चप्पल शोधायला पलंग सरकवतो तसं तुम्ही त्याला सगळ्या पटभर फिरवलंत. खंडूभाऊ म्हणाले, "ज्ञानबा, तुझा लोहार युनियनमध्ये गेला का काय राव?" सगळे हसले, तुम्हीही हसलात, आणि हरलात. मग बघायला आलेल्या अर्जुनरावांनी चष्मा लावून अपडेटची पाटी मोठ्याने वाचली: लोहार दुरुस्त केला, मैत्री. पुरावा, टूलरूम पिंपरी. त्यांनी विचारलं, "ही आपली मैत्री का?" तुम्ही म्हणालात, "हो. काम चोख करते." आणि लॅपटॉप मिटलात. पेढे वाटायचे ते वाटलेच.

तेव्हापासून तुम्ही खेळला नाहीत. मामी म्हणतात आता चपलांच्या रॅकवर नंबर पडलेत. "हरल्याचं ते काहीच म्हणत नाहीत गं. दुरुस्ती बरोबर होती, असंच म्हणतात. फक्त शनिवारी पोरीनं एक फोन करायचा होता, म्हणतात." ह्यावर मी बऱ्याच कोंड्या घालवल्या. आमच्याकडे मशीन बंद करायचं तर त्यावर उभ्या असलेल्या माणसाला आधी सांगतात. हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नाही, लिहावंच लागत नाही. मी पोलंडच्या माणसाला आभाराचं उत्तर पाठवलं, प्रोग्रामवाल्या सगळ्या मंडळींना कळवलं, मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला तेवढं सांगितलं नाही. दुरुस्ती मी मागे घेणार नाही, ती बरोबर आहे. शनिवार मागे घेता आला असता तर घेतला असता.

मामींना जय भीम. खलबत्ता जागेवर राहू द्यावा, ही विनंती.

तुमची भाची,
मैत्री

ता. क. येत्या रविवारी मला सुट्टी आहे. संध्याकाळी मी खेळात असेन. यादीत परत घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, माझा आग्रह नाही.

ता. क. आणखी एक. नवा पत्ता बाहेर सोडण्याआधी तपासायला आम्हाला माणूस हवा आहे. लोहारातला दोष आमच्यापैकी कोणालाही दिसला नाही, तो तुम्हाला खेळता खेळता सापडला. पगार नाही. चहाही आपापलाच. पण सोडायचा की थांबवायचा हे तुमच्या शब्दावर राहील, आणि माझ्या पत्त्यांपासून सुरुवात करावी असं मला वाटतं.

ता. क. शेवटचा. लोहाराच्या दुरुस्तीत अजून एक फट राहिली आहे. अपडेट गेल्यावर सोमवारीच माझ्या लक्षात आली. दोष दिसला की तिथेच थांबवायचा, हे वर मी लिहिलंच आहे. पण ही मी बुजवलेली नाही आणि कोणाला कळवलेलीही नाही. तुमच्यासाठी ठेवली आहे. सापडली की लेखी देऊ नका. फोन करा.