सातालाच हसली

शके १७८६, पौष शु. ९, अमरावती
आज सौ.ची तसबीर घेतली. दहा मोजेपर्यंत हलू नको म्हटलं, तर सातालाच हसली. काचेवर तोंड पार फिसकटलं. मी रागावलो. "तुमी काळ्या कपड्यात डोकं खुपसून आकडे मोजून राहिले, हसू नाही तं काय रडू?" मग म्हणे, "कागदावर उतरवून द्या, अकोल्याले माझ्या आईकडं धाडतो." म्हटलं ही नको, चांगली काढू मग.

पौष व. २
कापसाच्या पैशानं गाव पिसाळलंय. ज्या त्या अडत्याला स्वतःची तसबीर हवी. बसतात मात्र शेंदूर फासलेल्या मारुतीसारखे. बाबा आज पूजेतून उठून ओरडले, "ना धड भट, ना धड चितारी!" खरंच, मी कोण? आणि हे रोज लिहितो ते तरी कशाला? सौ.नं माझी बोटं धरली. "हे काळे डाग शाईचे की काचेच्या औषधाचे? एक काही तं धरा!"

माघ शु. ५
मुंबईहून काचा आल्याच नाहीत. दारात अडत्या अडून बसलेला. जुनी एक खरवडली, राखेनं घासली, पुन्हा वापरली. नेहमीचंच. ती सौ.चीच, ती फिसकटलेली. तिला बोललो नाही. अडत्या सुरेख उतरला, मिशीचा केस न् केस. फार खूष.

शके १७८७, चैत्र व. ११
पटकी. सकाळी सौ. पाणी भरत होती. दिवेलागणीला…
लिहवत नाही.

वैशाख शु. ३
सगळ्या काचा उन्हात धरून पाहिल्या. अडते, अडते, अडते. माहीत होतं, तरी पाहिल्या. मेल्या, तुला तीच सापडली घासायला? या हातांनी. राखेनं.

वैशाख व. ६, अकोला
सासूबाई दारातच, "जवाईबापू, तसबीर आणली का? काढली म्हणून पोरीचा निरोप होता." तोंडातून गेलं, मुंबईहून यायची आहे. थू माझ्या जिंदगानीवर.

वैशाख व. ७
सांगून टाकलं. बाईंनी हातातली वात वळून पुरी केली. मग म्हणाल्या, "मंग वाचून दाखवा. तुमी वहीत लिहिता म्हणे." पौषातलं पान वाचलं. 'रडू'पाशी त्या हसल्या आणि लगेच तोंडाला पदर लावला. "आणखी."
आणखी नव्हतं. तिथंच बसून लिहिलं. कपाळ, कानाशी कुरळ्या बटा, उजव्या गालावर तीळ. वाचलं.
"डाव्या, बापू. डाव्या गालावर."
सहा वर्षांचा संसार! मी तिला निरखून पाहिलं ते काचेवर, आणि तिथं डाव्याचं उजवं होतं. खोडलं. डाव्या लिहिलं.
बाई समोरच बसून आहेत. "अन् हात? पोरीचे हात लिहा ना."
कधीचा टाक धरून बसलोय. तिचे हात आठवायला जातो, तर माझीच काळी बोटं दिसतात, तिनं धरलेली.