डाव्या दाराची चंदेरी

२ नोव्हेंबर, रवि.
नंदाखालचे पाहुणे येऊन गेले. मुलगा केदार. केळी-नारळाची वाडी, स्वतः विरारला बँकेत. गच्चीवर दहा मिनिटं मोकळं सोडलं आम्हाला. मी एवढंच म्हटलं, बाकी काही चालेल, माझ्याशी खोटं बोलायचं नाही. तो म्हणाला, "सेम हिअर."
निघताना त्याचे बाबा चंदेरी गाडीवर हात फिरवत म्हणाले, "आठ वर्षं झाली, ओरखडा नाही. अजून कंपनीचाच रंग." संध्याकाळचं ऊन सगळी गाडी परतवत होती, डावं मागचं दार मात्र काळपट. बाजूला सरकून पाहिलं तर चांगलं!

३ नोव्हें., सोम.
कामात लक्ष नाही. रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये दिवसभर हेच तर करते. रंगवलेल्या पत्र्यावर रंग मोजायचा मीटर ठेवायचा, एकाच रंगाचे पाच कोनांतून आकडे घ्यायचे. चंदेरीत ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात, त्या जशा निजतील तसा उजेड परततो. गॅरेजवाला एका कोनातून रंग बरोब्बर जुळवतो, तिरकं पाहिलं की पितळ उघडं.
म्हणजे दार नंतर रंगवलंय. बाबांना माहीत नाही, की बाबा थापा मारतात? आणि केदार?
आई विचारते, लग्न ठरवायचंय की गाडी.

५ नोव्हें., बुध.
केदारला फोनवर सरळ विचारलं. हसला. "बाबा कोणाला हात लावू देत नाहीत, ॲक्सिडेंट कुठला? ये ना तुझं मशीन घेऊन, बघूच." चिडला नाही. उलट पंधरा अंशाला काय दिसतं, एकशे दहाला काय, खोदून खोदून विचारत बसला. मला बघायला आलेल्यांपैकी कोणी हे कधी विचारलं नव्हतं. आवडला मला. खूप.

९ नोव्हें., रवि.
साहेबांना विचारून मीटर घेतला, आईला घेऊन नंदाखाल. (मुलीनं असं जाणं शोभत नाही म्हणे. केळीचे घड बघितल्यावर गप्प.) केदार नि बाबा तिला वाडी दाखवायला गेले तेवढ्यात मी उजवं दार मोजलं, मग डावं. मधल्या कोनाला जुळे भाऊ. पंधराला डावं एकदम मंद, एकशे दहाला उलट उजळ. चकत्या अस्ताव्यस्त, रंगाचा जाड ओला हात मारलाय. नाचावंसं वाटलं.
मागे केदारची आई उभी. हातात चहा.
"कळलं ना तुला?"
"काय, काकू?"
"विहिरीच्या कठड्याला मीच ठोकली. हे दोघं कोल्हापूरला लग्नाला गेलेले. जूचंद्रच्या गॅरेजवाल्याकडून करून घेतलं. म्हणाला, देवाच्या बापालाही कळणार नाही."
काकू गाडी शिकल्यात! शेजारच्या सुनेनं शिकवलं, घरचे बाहेर गेले की. लायसन्ससुद्धा काढलंय.
"यांना कळलं तर किल्ली परत दिसायची नाही मला. आणि केदारच्या तोंडात तीळ भिजत नाही. सांगू नको गं पोरी."
मी मान हलवली. कशाला हलवली?
केदार आला, "काय म्हणतं मशीन?" म्हटलं, घरी जाऊन नीट बघते.

१० नोव्हें., सोम.
केदारचे तीन मेसेज. उत्तर दिलं नाही. नुसती उत्सुकता होती हो मला, कोणाचं गुपित नको होतं. आईला होकार कळवायचाय. मलाही हो म्हणायचंय, पण हे पोटात ठेवून?
दुपारी काकूंनाच फोन केला. म्हटलं, मी तुमचं नाव घेणार नाही, पण त्याच्याशी खोटंही बोलणार नाही. त्यांचं नुसतं "बरं," आणि फोन ठेवला. रागावल्या असतील.

१२ नोव्हें., बुध.
केदारचा मेसेज. "आईनं बाबांकडे गाडीची किल्ली मागितली. मार्केटला जायला. स्वतः!! बाबा सकाळपासून ओट्यावर बसलेत, जेवले नाहीत. तुला यातलं काही माहितीये?"
काकूंचं काय होईल आता. आणि माझं.
"हो" लिहिलं. पाठवलं.
वाचलंय त्यानं. टाइप करतोय, थांबतोय, परत करतोय. एवढी भीती मला कोणाच्या उत्तराची कधी वाटली नव्हती.