मुंगीच्या पाठीवरचे केस

आबा, तुम्ही माझ्या मुंगीची हजामत केलीत. त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली, तुम्हाला जाऊनही तीस होत आली, पण माझा राग काही म्हातारा होत नाही. मीच झालो. आज सकाळी दाढीला बसलो, आरशात गालावर पांढरे खुंट दिसले आणि वस्तरा हातात तसाच राहिला. म्हटलं, आता पुरे, आज आबांना जाब विचारायचाच. लोक म्हणतात केसाने गळा कापला. तुम्ही गळ्याला हातसुद्धा लावला नाहीत, नुसते केस कापलेत, आणि माझं व्हायचं ते होऊन गेलं.

मला चित्रकला कोणी शिकवली नव्हती, हे तुम्हाला ठाऊक आहे. चौथीनंतर धुळ्याच्या बाजारातलं आपलं दुकान हीच शाळा: एक खुर्ची, एक आरसा, बाहेर गिऱ्हाइकांचा बाक. बाकाखाली चहाचा थेंब सांडला की मुंग्या यायच्या आणि मी पुड्यांच्या कागदावर त्या काढत बसायचो. एकदा जळगावहून कपाशी बघायला आलेले साहेब दाढीला बसले होते. शेतीवरच्या किडी तपासायचं त्यांचं काम. तोंडाला फेस लावलेला, आणि आरशात त्यांना मागे बसलेल्या माझ्या हातातला कागद दिसला. अर्धी दाढी तशीच ठेवून ते उठले. मुंगीचे सहा पाय पोटाला नसतात, छातीला असतात, हे तुला कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मुंगीनेच. तेव्हापासून ते छोट्या बाटलीत घालून मुंग्या पाठवायचे, मी त्यांनी दिलेल्या भिंगातून बघून तळहाताएवढी मुंगी काढायचो, आणि चाळीसगावला गाडी बदलून जळगावला नेऊन द्यायचो. पहिली दोन चित्रं त्यांनी रोख विकत घेतली. बाजारात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. शेजारचा शिंपी म्हणाला, "आते ढेकूनस्ना बी काढ रे भाऊ, मना घर फुकट मिळतीन." तुम्ही मात्र हसला नाहीत. प्रत्येक गिऱ्हाइकाला मान वाकवायला लावून सांगायचात, आमचा पोरगा मुंग्या विकतो.

आणि कुंचला कोणी दिला? तुम्हीच. बाजारातला कुंचला मुंगीच्या केसाला म्हणजे फरशी पुसायचा बोळा. तुम्ही एका घरी जावळ काढायला गेला होतात. बाळाच्या आईला विचारून त्यातली चिमूटभर बट रुमालात बांधून आणलीत, एकेक केस निवडलात, कबुतराच्या पिसाच्या नळीत बसवलात. म्हणालात, "ज्या केसले कात्री लागनी नही, त्यानंच टोक खरं." अख्ख्या खानदेशात असा कुंचला दुसरा नव्हता. केसाची एवढी पारख असलेल्या माणसाने पुढे जे केलं, ते मला आजही गिळता येत नाही.

तिसरी मुंगी कपाशीवरची होती. साहेबांनी मला समोर बसवून समजावलं होतं, की कपाशीवर दोन मुंग्या फिरतात, रंग एक, अंग एक. त्यातली एक मावा नावाच्या किडीला गाईगुरांसारखी राखते, म्हणून पिकाचं वाटोळं होतं. दुसरी निरुपद्रवी. फरक एवढाच, की पहिलीच्या पाठीवर चौदा ताठ केस उभे असतात आणि दुसरी बोडकी. शेतकऱ्यांसाठी पत्रक छापायचं होतं. हे चित्र पसंत पडलं की पुढच्या बारा मुंग्या माझ्या, आणि मग जळगावला कायमची नोकरी. म्हणजे वस्तरा सुटणार होता, आबा. तुमच्यासमोर हे कधी बोललो नाही, पण मला तो सोडायचा होता. बावीस दिवस मी त्या मुंगीवर बसलो. प्रत्येक केसाच्या मुळाशी आधी टाकाचं टोक दाबून ठिपका, मग तुमच्या कुंचल्याने एका श्वासात केस.

द्यायच्या दिवशी मी पांझरेवर आंघोळीला गेलो. आलो तर चित्र स्वच्छ फडक्यात बांधून तयार, आणि तुम्ही दारात उभे. नवरदेवाला तयार करून मांडवात पाठवताना तुमचं जसं तोंड व्हायचं, अगदी तसं. मला वाटलं, बाप आहे, कौतुक वाटतंय. फडकं सोडूनही बघितलं नाही मी.

जळगावला साहेबांच्या टेबलावर ते सोडलं, आणि मुंगी गुळगुळीत. एकही केस नाही. मी बघतोय, साहेब बघताहेत, बाजूचा कारकून मान लांब करून बघतोय. साहेब म्हणाले, "ही ती मुंगी नाही." कारकुनाला आयतं सापडलं. "न्हाव्याच्या घरून आलीय साहेब, हजामत करूनच येणार," म्हणाला, आणि अख्खी कचेरी हसली.

घरी येऊन विचारलं, तेव्हा तुम्ही वस्तरा पट्ट्यावर फिरवत होतात. हात थांबलासुद्धा नाही. "साहेबपुढे जावानं व्हतं. पाठवर केस देखात, काढी टाकात." वर अभिमानाने, "कोठे कापायनं का? देख." अहो, ती काय वरातीला चालली होती? मला एका शब्दाने विचारायला हवं होतंत. तुमच्या गिऱ्हाइकाला तरी विचारायचात ना, मिशी ठेवू की काढू? पोटच्या पोराला विचारायची पद्धत नव्हती तुमची. आयुष्यभर दुसऱ्यांना नीटनेटकं करून पाठवलंत, पण काही गोष्टी नीटनेटक्या करायच्या नसतात, हे तुमच्या गावीही नव्हतं. माझं डोकं भणाणलं होतं. मी ओरडलो, साहेबांनी हाकलून दिलं, काम गेलं, तुमच्यामुळे गेलं.

 त्यानंतर माझ्या कागदाला तुम्ही कधी बोट लावलं नाही. मी काही काढत असलो की उंबऱ्यापाशी यायचात, दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहायचात आणि तसेच परत जायचात. त्याचाही मला रागच यायचा. बारा मुंग्या दुसऱ्याच कोणी काढल्या. ते पत्रक पुढे आपल्याच दुकानात एक गिऱ्हाईक घेऊन आलं. मुंगीच्या पाठीवर केस कसले, केरसुणीच्या काड्या! मी त्याच गिऱ्हाइकाची दाढी केली आणि पुढची छत्तीस वर्षं धुळ्याच्या दाढ्या केल्या.

ती मुंगी मी फाडली नाही. तुमच्या हत्यारांच्या धोकटीत तळाशी ठेवलेली, आज वस्तरा बाजूला ठेवून बाहेर काढली. भिंग लावलं. केस तेवढे गेलेत, पण चौदाच्या चौदा मुळं जागेवर आहेत. कागदाला कुठे ओरखडा नाही, खालच्या छटेला धक्का नाही. जिवंत गालावरून फिरवावा तसा फिरवलाय वस्तरा. हे आज दिसलं असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. जळगावलाच साहेबांनी मला व्हरांड्यात नेऊन भिंग माझ्या हातात दिलं होतं. म्हणाले, खरवडणाऱ्याचा हात कसलेला आहे, मुळं शाबूत आहेत, आठ दिवसांत केस लावून आण. मी मान डोलावली. आतून कारकुनाचं हसू ऐकू येत होतं. गाडीत बसलो तेव्हा डोक्यात एकच, की परत गेलो तर साहेब विचारतील, हा हात कोणाचा, आणि त्या कारकुनासमोर मला सांगावं लागेल, माझ्या बापाचा.

कुंचला अजून आहे, त्याचं टोक तसंच आहे. माझाच हात आता कापतो. हा कागद मुंगीबरोबर धोकटीत घालतोय, तो कुठे जाणार नाही.

साहेबांनी मला हाकललं नव्हतं, आबा. मीच परत गेलो नाही.