बुधू मोठा की कमळू?

किन्हवली,
ता. ३ फेब्रुवारी २०२५

ती. धाऊदादास,
जनीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं, उरलेलं तुझा सिद्धगडचा डोंगर खातो, म्हणून लिहिते. इथे आमी खुशाल. वाल बरा आलाय. गुडघ्याला तेल लावतोस का?

माझ्या पोराने, साईनाथने घरात भांडण आणलंय. वाशिंदच्या कारखान्यात त्याच्या दोस्तांचा वाद, जगातला सगळ्यात भारी मोटारशर्यतवाला कोण? एक म्हणे शूमाकर, एक म्हणे सेना. मला वाटलं, निवडणूक लागली. मी आपलं बोलून गेले की गाडी हाकणारा बघायचा तर माझ्या बाला बघायचं होतं. झालं! साईनाथ उसळला, म्हणाला, माझे कमळू आजोबा काय कमी होते?

ते शर्यत कमिटीच्या कानावर गेलं. मैदानाच्या कमानीवर आजवरच्या सगळ्यात थोर गाडीवानाचं नाव लावायचंय. बैलगाडी हाकणाऱ्यांत दोनच नावं उरली, आपला बा बुधू नि माझे सासरे कमळू. तेवीस तारखेला सभा आहे. दोन्ही घरची म्हणून मी बोलायचं. मुलगी म्हणून बोलू की सून म्हणून, मला काय सुचत नाय.

सगळे त्र्याहत्तर सालच्या शर्यतीवर येऊन अडतात. बा जिंकला, सासऱ्यांची गाडी वळणावर उलटली, पाय मोडला. मरेपर्यंत लोक त्यांना ‘पलटीवाला कमळू’ म्हणाले. त्या दिवशी मी पाच वर्षांची, तुझ्यासोबत होते म्हणतात. मला धुळीपलीकडे काय आठवत नाय. तू बारा वर्षांचा होतास. काय झालं ते नीट कळव.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशी राहू दे.
तुझी धाकटी,
जनी

---

सिद्धगड पायथा, मुरबाड,
ता. ८ फेब्रुवारी

चि. सौ. जनीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पावलं. तेल लावतो, पण गुडघा माझं ऐकत नाय. तांबडी गाय व्याली, कालवड झाली.

शर्यतीचं काय विचारतेस? बाने चौदा झेंडे मारले, कमळूने अकरा. हिशेब सरळ आहे, बाचं नाव सांग. त्या दिवशी वळणावर साप आडवा आला, बैल बुजले, गाडी उलटली. नशीब म्हणायचं. कमळू माणूस चांगला होता, पण शर्यतीत चांगुलपणाला झेंडा मिळत नाय. लोकांच्या छत्र्याबित्र्या बघून पण बैल बुजतात गो. जुनं उकरू नको.

पोरांना आशीर्वाद. भावाला विसरू नको.
धाऊ

---

किन्हवली,
ता. १२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी साप, मग छत्री? शर्यत माघातली, माघ महिन्यात छत्री कोण उघडतो रे?

तुझं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं. हिराबाई आता पंच्याऐंशीच्या आहेत, कधी कधी मला पण ओळखत नायत. पण साप ऐकला नि हसल्या. म्हणाल्या, सापबिप कोणी नव्हता गो, तुझ्या भावाला विचार. एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून निजल्या.

एक गोष्ट मला लग्नापासून कळली नाय. ज्याला बाने हरवलं, तो माणूस लंगडत लंगडत आपल्या दारी माझ्यासाठी सोयरीक घेऊन का आला? बा पण चक्रावला होता. तुला माहीत असेल तर लपवू नको. रागावणार नाय.

उत्तराची वाट बघते. लोभ कमी करू नको.
जनी

---

सिद्धगड पायथा,
ता. १७ फेब्रुवारी

चि. जनीस,
आशीर्वाद.

तीन वेळा कागद फाडला. तुझी वहिनी म्हणाली, आता लिहा नायतर मीच लिहीन.

बाने मला बजावलं होतं, जनीचा हात सोडू नको. आपण वळणाजवळच्या करवंदीच्या जाळीपाशी होतो. बाकी सगळी माणसं झेंड्याकडे. बाची गाडी धूळ उडवत पुढे गेली नि मी ती बघायला धावलो. तुझा हात सोडला, जनी. मागे वळलो तर तू वाटेच्या मधोमध उभी, नि कमळूचे बैल तुझ्यावर येत होते. त्याने कासरा सगळ्या अंगाने बांधाकडे ओढला. गाडी उलटली, त्याचा पाय खाली आला.

मी तुला उचलून कडेवर घेतलं. त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, पोरीला घेऊन जा, कोणाला बोलू नको, बुधू तुला जिता ठेवणार नाय. मग लोक आले. कोणी विचारलं तर म्हणाला, बैल आवरले नाय. बाला मरेपर्यंत खरं कळलं नाय. कमळू तुझी सोयरीक घेऊन आला तेव्हा मला वाटलं, जिला वाचवलं ती त्याला आपलीच लेक वाटत असणार. कमळूला लोक पलटीवाला म्हणायचे तेव्हा मी मान खाली घालायचो, पण तोंड उघडलं नाय. बावन्न वर्षं.

आता तुला जे बोलायचं ते बोल. मी सभेला यायला धजत नाय.
तुझा अपराधी,
धाऊ

---

किन्हवली,
ता. २५ फेब्रुवारी

ती. धाऊदादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुझ्यावर रागावले का, ते ठरवता आलं नाय. तू हात सोडलास, खरं आहे. पण बारा वर्षांच्या पोराच्या हाती पाच वर्षांची पोर देऊन बा शर्यतीला गेला, हे पण खरंच. आणि या घरात सासऱ्यांनी मला तीस वर्षं लेकीसारखं वागवलं, एकदा पण उपकार बोलून दाखवला नाय. मी त्यांच्या लंगड्या पायाला तेल लावायचे, दादा. माझ्यामुळे मोडला हे मला माहीत नव्हतं.

सभेत मी सगळं सांगितलं. तुझं नाव पण घेतलं, माफ कर. साईनाथ कमळू आजोबांचं नाव लावायचं ठरवून आला होता, तो ऐकता ऐकता रडायला लागला. मग कल्ला झाला. कोणी म्हणे, झेंड्याला आधी हात लावला तो मोठा. कोणी म्हणे, उधळलेले बैल एवढ्याशा जागेत वळवले, असा गाडीवान दुसरा झाला नाय. दोघं तर हमरीतुमरीवर आले. मला विचारलं तर मी म्हटलं, सासूबाईंना विचारा.

शेवटी सासूबाईंना खुर्चीवर बसवून आणलं. सभेच्या दिवशी त्यांना सगळं आठवत होतं. म्हणाल्या, आमचे म्हणायचे, बुधूच्या पुढे जाणारा जन्मला नाय. लोकांना वाटलं, निकाल लागला. मग त्या थांबून म्हणाल्या, पण हे पण म्हणायचे, त्या दिवशी मी त्याच्या पुढे गेलो असतो.

मग झेंडे मोजले नि कमानीवर बाचं नाव लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या. कोणासाठी, ते माझं मलाच कळलं नाय.

तू आता भीत राहू नको. साईनाथ रविवारी गाडी घेऊन तुला आणायला येतोय. चार दिवस राहायचं असं ये, आणि बहिणीवर पूर्वीसारखीच माया ठेव.
तुझी,
जनी